राणीच्या गालावरचा डाग

माझ्या घरात कधी काळं भांडं दिसलं असं आमच्या शिळफाट्याकडच्या अख्ख्या मानपाड्यात कुणी सांगणार नाही. चाळीत राहायचो तेव्हा समोरची मंजुळा हळदीकुंकवाला आली की माझ्या तांब्याच्या कळशीत तोंड बघून केस सारखे करायची, आणि घरी जाऊन आपल्या सुनेला बोलायची. पुढे इमारतीत आलो, मिक्सर आला, फ्रीज आला, पण शनिवारी चिंच भिजत घालायचं मी सोडलं नाही. माझी सून ऐश्वर्या म्हणते, "आई, सगळं स्टीलचं वापरा ना." तिची भाकरी तव्यावर नकाशासारखी पसरते, आणि ती मला शिकवणार.

आमचे हे इथल्याच एका कारखान्यात प्लेटिंगला होते. नळाच्या तोट्या, स्कूटरचे आरसे, कपाटांच्या मुठी. गंजलेलं आत जायचं आणि ह्यांच्या हातून लख्ख होऊन बाहेर यायचं. एकतीस वर्षं ॲसिडच्या वाफेत उभे राहिले. आणि घरी ह्यांना वेड कसलं, तर जुन्या नाण्यांचं. एक शिसवी पेटी, आत तीन कप्पे, कप्प्यांत कापूस. राणीछाप रुपये, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, दोन शिवराया. सगळी काळपट, हिरवट, तंबाखूच्या चंचीतून काढल्यासारखी. पाहुण्यांसमोर हे पेटी उघडायचे आणि मला लाज वाटायची.

"एक दिवस माझ्याकडे द्या," मी म्हणायची. "आरशासारखी करून देते."

"म्हणूनच देत नाही. दिवसभर मी वस्तूंची कातडी सोलतो, मालन. घरी तरी नको."

त्या पेटीतलं पहिलं नाणं खरं तर माझं. लग्नात सूनमुख बघताना सासूबाईंनी माझ्या हातात राणीछाप रुपया ठेवलेला. मी एकोणीस वर्षांची, गावाबाहेर पहिल्यांदाच पडलेली, हाताला असा घाम सुटलेला की पुसून पुसून पदर ओला झाला. हळद, कुंकू, घाम, सगळं त्या रुपयाला लागलं आणि तसाच तो मी पदराच्या गाठीत चार दिवस बांधून ठेवला. गाठ सोडली तर राणीच्या गालावर मसुराएवढा काळाजांभळा डाग. मी चुलीतली राख घेऊन घासायला बसले, तेव्हा ह्यांनी हातातून काढून घेतला. "राहू दे," म्हणाले. "तुझा घाम आहे तो." नवीन लग्न झालेला माणूस काहीही बोलतो. मी हसले. तिथून ह्यांना नाण्यांचा नाद लागला.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायचं विसरले, मग घरची गल्ली, मग प्रीतमचं नाव. बाप आपल्याला "साहेब" म्हणाला म्हणून आमचा प्रीतम बाथरूममध्ये जाऊन रडला. मी रडले नाही. मला हे "बाई" म्हणायला लागले. "बाई, पाणी द्या." "बाई, पंखा बारीक करा." पन्नास वर्षं ज्याला वाढलं त्यानं आपल्याला कामाला ठेवलेली समजावं. पाणी दिलं. पंखा बारीक केला.

पण दुपारी चारला पेटी पुढ्यात ठेवली की माणूस परत यायचा. नाणं दोन बोटांत कडेनं धरायचे, खिडकीकडे वळवून कलतं करायचे आणि बोलायला लागायचे. "हा कळव्याचा. खाडीत पाय रुतलेला एकाचा, चिखलाबरोबर वर आला हा. खाऱ्या पाण्यानं निळा पडलाय." "हा ढब्बू माझ्या बापाचा. कानासारखा हिरवा ठिपका आहे बघा." कालचं जेवण आठवायचं नाही, पण कुठलं नाणं कुणी दिलं, त्या दिवशी त्या माणसानं काय घातलेलं, सगळं सांगायचे. आणि शेवटी माझा रुपया. तो हातात घेतला की आवाज खाली यायचा. "हा मालनचा. फार घाबरलेली त्या दिवशी. हात असा भिजलेला तिचा."

मी समोरच बसलेली असायची. मला सांगायचे, मालन कशी होती ते. मी ऐकायची. दिवसाकाठी माझं नाव त्यांच्या तोंडून एकदा यायचं, ते त्या रुपयामुळे. त्यासाठी मी सकाळपासून घड्याळाकडे बघायची, हे मी कुणाला कळू दिलं नाही.

मला वाटायचं, हे नाण्यावरची अक्षरं वाचतात. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. इंग्रजी अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग. वाचणारा माणूस वाचत असेल, असं मी धरून चालले.

मागच्या दिवाळीच्या आधी ह्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. रात्रीला प्रीतम, दिवसा मी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऐश्वर्यानं सुट्टी काढली आणि मला घरी पाठवलं. "तुम्ही पूजेचं बघा, मी बसते बाबांजवळ." घरी आले, देव काढले, समया काढल्या, चिंच कोळली. आणि पेटीची किल्ली माझ्याच कमरेला होती.

लक्ष्मीपुढे चांदी मांडतात. आमच्याकडे सोनाराकडचं एक नाणं मांडायचो, कारण पेटीतलं हे देत नसत. मी म्हटलं, यंदा घरातली सगळी लक्ष्मी मांडू. उजळून मांडू. ती ह्यांना घरी आणेल, आणि घरी येऊन हे बघतील की पेटी कशी झळकतेय. हे मी स्वतःला सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. मला राग होता. नाण्यांची नावगावं पाठ आणि मी बाई. तो राग माझ्या हातात उतरला असेल. चिंच-मीठ तांब्याला, रांगोळी चांदीला, कोपऱ्याकापऱ्याला जुना ब्रश. माझा रुपया मी सगळ्यात शेवटी घेतला. डाग सहज निघेना. मी म्हटलं, माझं नाणं तरी चारचौघांत उजळ दिसू दे, आणि जोर लावला. निघाला.

संध्याकाळी ऐश्वर्या आली, चपला काढता काढता तिची नजर ताम्हणाकडे गेली. ती तशीच एका पायात चप्पल घेऊन उभी राहिली.

"आई, ही बाबांची आहेत?"

"मग काय शेजाऱ्यांची?"

"बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"तुझ्या बाबांना काय आठवतंय आता," मी म्हटलं.

तिनं दुसरी चप्पल काढली आणि आत गेली. मला तिचं न बोलणं आवडत नाही. त्यापेक्षा भांडलेलं बरं.

भाऊबीजेला हे घरी आले. अर्धे झालेले, कॉलरमध्ये मान सैल. दुसऱ्या दिवशी चारला मी चहा दिला, पेटी पुढ्यात ठेवली आणि झाकण उघडलं. खिडकीतल्या उन्हानं सगळा कप्पा पेटला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

ह्यांनी एक नाणं उचललं, वळवलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं.

"ही कुणाची?"

"तुमचीच."

"नाही, बाई. ही दुकानातली आहेत. माझी कुठे ठेवलीत?"

"अहो, तुमचीच आहेत. स्वच्छ केलीत."

"माझी द्या," म्हणाले. आवाज चढवला नाही. उशी उचलून बघितली, गादीखाली हात घातला, मग कापूस उचकटून बघितला, कप्प्याखाली खरी असतील म्हणून. मी माझा रुपया त्यांच्या हातात दिला. "हा बघा ना. हा मालनचा." ह्यांनी तो बघितला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला, परक्याची वस्तू ठेवतात तसा. "नाही," म्हणाले. "तिचा असा नाहीये."

चार दिवस शोधलं. देवघरात, तांदळाच्या डब्यात, प्रीतमच्या ऑफिसच्या बॅगेत. पाचव्या दिवशी शोधणं थांबवलं. चार वाजले की खिडकीकडे तोंड करून बसायचे, हात मांडीवर उताणे. गोष्टी संपल्या. माझं नाव संपलं.

"पण अक्षरं तर तीच आहेत ना त्यांच्यावर," मी ऐश्वर्याला म्हटलं. "वाचत का नाहीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, बाबांना अक्षरं कुठे दिसतात? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ह्या वयात ऑपरेशन नको म्हणून तुम्हीच सांगितलंत डॉक्टरांना." मग हळू आवाजात म्हणाली, "ते डागांवरून ओळखायचे."

डॉक्टरांशी मीच बोलले होते. ते आठवत होतं. पण एक गोष्ट दुसरीला जोडायला लागते, ती मी जोडली नव्हती.

ह्यांच्या जुन्या वहीत त्र्यंबक नावाच्या एका गृहस्थांचा नंबर होता. ठाण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात दोघांची ओळख झालेली. कॉलेजात शिकवायचे, आता घोडबंदर रोडला लेकाच्या टॉवरमध्ये राहतात. ऐश्वर्यानं फोन केला, रविवारी आम्ही दोघी गाडी करून गेलो. दीड तास गाडी मुंगीसारखी चालली आणि मी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्र्यंबकरावांचं टेबल खिडकीशी होतं. भिंग, दिवा, गुलाबाचे काटे लावलेल्या काड्या, आणि एका काचेच्या वाटीत तेलात बुडवलेले दोन ढब्बू पैसे.

"हे काय, लोणचं घातलंत?" मी म्हटलं.

हसले. "तसंच आहे, वहिनी. ह्याला हिरवा रोग झालाय, तांब्याला खातो तो. चार महिने तेलात ठेवायचं आणि सुटेल तेवढाच काट्यानं काढायचा. खाली पोचला तर नाणं संपतं. पण बाकीचा काळेपणा रोग नसतो. तो राप. त्याला हात लावायचा नाही." मग पेटी उघडली आणि त्यांचं हसू गेलं. "महिपतरावांची पेटी आहे ही?"

"हो."

"कुणी घासली?"

मी आयुष्यात कुणाला चुकलं म्हटलेलं नाही. सासूबाईंना नाही, ह्यांना नाही, सुनेला तर नाहीच.

"बाईनं," मी म्हटलं. "कामाच्या बाईनं."

ऐश्वर्या खिडकीबाहेर बघत होती.

त्र्यंबकरावांनी माझा रुपया भिंगाखाली ठेवला आणि मला बोलावलं. "या, बघा." मी डोळा लावला. राणीच्या गालावर रेघाच रेघा, केसाहून बारीक, सगळ्या गोल फिरलेल्या, एकाच बाजूला. "तुमच्या बाईचा अंगठा असा फिरलाय," ते म्हणाले. "रांगोळीनं चांदी खरवडली गेली. काळा थर गेला त्याबरोबर राणीची कातडीपण गेली थोडी."

मी भांडं डावीकडून उजवीकडे गोल घासते. माझी आई तशीच घासायची. तो हात मी कुठेही ओळखला असता.

"राप परत येतो का?" मी विचारलं.

"येतो. आपला आपण. पन्नासेक वर्षांत."

"तेवढी इथे कुणाकडे आहेत?"

ऐश्वर्या मध्ये पडली. "काका, मी नेटवर बघितलं, लोक रंग आणतात परत. उकडलेल्या अंड्यानं, गंधकानं. तुम्ही करून द्याल? फक्त एक. आईंचा रुपया."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "नाही करणार. मला येतं, म्हणूनच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एक रुपया केलेला, मजा म्हणून. इतका झकास झाला की एक जण खरा समजून घेऊन गेला, आणि मी गप्प बसलो. तो कुणाकडे आहे आज, मला माहीत नाही. त्याला अजून कुणीतरी जुना समजत असेल."

"आम्हाला विकायचा नाहीये, काका. बाबांना दाखवायचाय फक्त. त्यांना बरं वाटावं म्हणून."

"म्हणजे फसवायचंय तर महिपतरावांनाच. ज्यांना वासावरून कळायचं." ते माझ्याकडे वळले, "वहिनी, नाणं तुमचं आहे. घरी केलंत तर मी कोण अडवणार? पण केलंत तर नाण्याबरोबर चिठ्ठी ठेवा, रंग मागाहून दिलेला आहे म्हणून. पुढे कुणाच्याही हातात जाऊ दे, खोटं तरी आपल्या नावावर नको."

परत येताना गाडी शिळफाट्याला अडकली. ऐश्वर्या बाहेरच्या ट्रककडे बघत म्हणाली, "आपल्याकडे कामाला बाई कधी होती, आई?"

"तू तुझं काम कर," मी म्हटलं.

"माझं काम काय आहे?"

मी मांडीवरची पेटी सरळ केली.

दोन दिवसांनी ऐश्वर्याच अंडी घेऊन आली. उकडून गरम असतानाच चिरली, काचेच्या बरणीत तळाशी ठेवली, वर जाळी आणि जाळीवर रुपया. झाकण लावलं. आम्ही दोघी स्टुलावर बसून बघत राहिलो, दूध उतू जाईल म्हणून बघतात तसं. आधी लोण्यासारखा पिवळा झाला, मग तपकिरी, मग जांभळा. डाग काही हवा तिथे पडत नाही. सगळ्या अंगावर रंग चढला, राणीचा गाल, कपाळ, केस, सगळं सारखंच. तरी दुरून बघितलं तर जुना वाटत होता. बरणी उघडली तेव्हा असा वास सुटला की प्रीतम बेडरूममधून ओरडला, गटार तुंबलंय का म्हणून. आम्ही दोघी हसलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

चिठ्ठी मी लिहिली. ऐश्वर्या लिहिते म्हणाली, मी नको म्हटलं. ह्या रुपयाचा रंग खोटा आहे. एवढ्याला मला अर्धा तास लागला. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी चारला मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ऐश्वर्या घरून काम करत होती, ती लॅपटॉप सोडून दारात येऊन उभी राहिली. मी नुसता रुपया पुढे केला. काही बोलले नाही, कुणाचा ते सांगितलं नाही.

ह्यांनी तो कडेनं धरला. त्या बोटांना अजून सगळं ठाऊक होतं. खिडकीकडे कलता केला. त्यांचे ओठ हलले, आता बोलतील असं वाटलं. मग त्यांनी रुपया नाकाजवळ नेला.

"अंडं," म्हणाले.

मी पदर सारखा केला.

"रंग चढवलाय ह्याला. वर वर बसलाय, आत गेलेला नाही." रागावले नव्हते. कारखान्यात एखादा माल तपासून बाजूला ठेवावा तसे बोलले. "कुणी केलं?"

दारातून ऐश्वर्या माझ्याकडे बघत होती. सांगायला कुणाचंही नाव चाललं असतं. ह्यांनी विश्वास ठेवला असता.

"मी केलं," मी म्हटलं. "आधी घासलापण मीच. रांगोळीनं. सगळीच घासली, एकूण एक. तुमची नाणी हरवलेली नाहीत, ही पेटीत आहेत तीच आहेत. मग ओळखता यावं म्हणून हा रंग दिला. माझं चुकलं."

दोन शब्द होते. सत्तर वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघाले, आणि ज्याच्यासाठी निघाले त्याला मी कोण ते माहीत नव्हतं.

ह्यांनी विचार केला. "हा कुठला होता?"

"मालनचा."

तेव्हा ह्यांनी कधी करत नसत ते केलं. नाण्याच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि राणीच्या गालावरून फिरवला, मागे आणि पुढे, जिथे डाग असायचा तिथे.

"गेला म्हणजे."

"गेला."

मान हलवली. मग दाराकडे बघून, कुणी ऐकत नाही ना ह्याची खात्री करावी तसं, माझ्याकडे वाकले आणि माझं मनगट धरलं. आवाज अगदी खाली आणला.

"मालनला सांगू नका, बाई. ती दाखवत नाही, पण तिला फार लागतं."

"नाही सांगत."

"भांडेल तुमच्याशी. तोंडानं तिखट आहे. पण नंतर एकटी बसून राहील. नका सांगू."

ऐश्वर्या दारातून आत निघून गेली. माझ्या मनगटावरची पकड काही सुटेना. दवाखान्यातल्या त्या आठ दिवसांनंतर इतकी ताकद अंगात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"शब्द द्या," म्हणाले.

मी दिला. तेव्हा कुठे हात सोडला.